गोळी विसरली, धागा लागत नाही, आता काय?

संततिनियमनाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. 'कोणतं साधन घ्यावं' असं विचारणारी पत्रं थोडी, 'वापरत होतो, तरी असं कसं झालं' हे विचारणारी जास्त. त्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : लग्नाला दोन महिने झालेत. निदान तीन वर्षं मूल नको आहे. मैत्रिणी गोळ्या घे म्हणतात, नणंद तांबी बसव म्हणते. सगळ्यांत खात्रीचं काय?

साधनाची खात्री दोन तऱ्हांनी मोजतात. एक, अगदी नियमाप्रमाणे वापरलं तर. दुसरी, माणसं घरात जसं वापरतात तसं वापरलं तर. काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात साधारण ८५ जणींना दिवस जातात. गोळी एकही न चुकवता घेतली तर हा आकडा एकाच्याही खाली येतो. पण विसरणं, पाकीट संपणं, उलटी होणं हे सगळं धरलं की तो ७ च्या आसपास जातो. निरोधचं तेच : प्रत्येक वेळी आणि बरोबर वापरला तर २, एरवी १३. आयत्या वेळी बाजूला होण्याच्या पद्धतीत २०. तांबी, हॉर्मोनची तांबी आणि दंडात बसवायची कांडी यांचे मात्र दोन्ही आकडे जवळपास सारखेच आहेत, शंभरात एकाहून कमी. एकदा बसवून झाल्यावर तुमच्या हातून चुकण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

तीन वर्षं नक्की असतील तर आमचं मत नणंदेच्या बाजूने. आधी एक मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत, हा समज जुना झाला. बाळंतपण न झालेल्या स्त्रीला बसवताना थोडं जास्त दुखतं, इतकंच. काढल्यावर पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. कांडीचाही विचार करा. ती ४ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण काडेपेटीतल्या काडीएवढी असते आणि जागा बधिर करून दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवतात. एका कांडीच्या प्रकाराची मुदत किमान तीन वर्षं. तिने पाळीचं वेळापत्रक बिघडतं आणि मुदतीआधी ती काढून घेणाऱ्या बायकांचं सगळ्यांत नेहमीचं कारण तेच असतं. ते आधी माहीत असलं तर निम्मी चिंता कमी होते.

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासून मात्र यांतलं एकही वाचवत नाही. ते काम फक्त निरोधचं.

प्रश्न : माझं २८ गोळ्यांचं पाकीट आहे. सतरावी आणि अठरावी गोळी विसरले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी लक्षात आलं. आता तीन एकदम घेऊ का?

तीन नाही. लक्षात आल्याबरोबर फक्त शेवटची विसरलेली, म्हणजे अठरावी घ्या. सतरावी टाकून द्या. एकोणिसावी तिच्या नेहमीच्या वेळी, मग त्या दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालतील, थोडं मळमळेल. पुढचे सात दिवस निरोध वापरा. आणि महत्त्वाचं म्हणजे, एकविसावी गोळी संपली की शेवटच्या सात गोळ्यांकडे वळू नका. त्या सातांत औषध नसतं, फार तर लोह असतं. दुसऱ्या दिवशी सरळ नवं पाकीट सुरू करा. या महिन्यात पाळी येणार नाही, मधे थोडे डाग दिसतील. त्याने काही बिघडत नाही.

असं का, ते समजून घेतलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत. गोळीतली हॉर्मोन्स बीजकोशाला झोपवून ठेवतात. सलग सात गोळ्या पोटात गेल्या की तो नीट झोपतो. बिनऔषधाच्या सात दिवसांत तो हळूहळू जागा व्हायला लागतो आणि बीज वाढू लागतं. आठव्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली गोळी त्याला पुन्हा दाबते. म्हणजे सात दिवसांची सुट्टी ही सहन होण्याची कमाल मर्यादा आहे. सगळा धोका ही सुट्टी लांबण्यात असतो. तुमच्या दोन गोळ्या शेवटच्या आठवड्यात राहिल्या. त्यांना लागून आणखी सात दिवस सुट्टी घेतलीत तर बीज फुटायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून सुट्टी गाळायची.

याच न्यायाने सगळ्यांत वाईट विसर म्हणजे पाकिटाच्या सुरुवातीचा. नवं पाकीट दोन दिवस उशिरा उघडलं तर सुट्टी नऊ दिवसांची झाली. तिथे सात दिवस निरोध तर हवाच, शिवाय सुट्टीत किंवा त्या पहिल्या आठवड्यात संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीचाही विचार करायला हवा. मधल्या आठवड्यात दोन चुकल्या आणि त्याआधीच्या सात नीट घेतलेल्या असल्या, तर तातडीची गोळी लागत नाही. एकच गोळी चुकली असेल, म्हणजे ठरलेल्या वेळेपासून ४८ तास उलटले नसतील, तर ती लगेच घ्या आणि पुढे चालू ठेवा. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी गेली असं धरून लगेच दुसरी घ्या.

हे सगळं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशा दोन हॉर्मोन्सच्या गोळीबद्दल झालं. फक्त प्रोजेस्टिनच्या गोळीत सुट्टी नसते आणि सवलतही कमी : जुन्या प्रकारात तीन तास, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीत बारा. त्यापेक्षा उशीर झाला तर गोळी घ्या आणि दोन दिवस निरोध वापरा. तुमचं पाकीट नेमकं कोणत्या प्रकारचं आहे हे आजच वाचून ठेवा. नियम चुकीच्या गोळीला लावल्यामुळे बरेच घोटाळे होतात.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, गोळ्या जास्त दिवस घेतल्या की पुढे मूल होत नाही, अधूनमधून दोन-तीन महिने बंद ठेवाव्यात. खरं का?

मूल होत नाही हे खरं नाही. गोळी बंद केल्यावर बहुतेकींचं बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा तयार होऊ लागतं, काहींचं पहिल्याच महिन्यात. ज्यांची पाळी आधीपासूनच अनियमित असते त्यांची गोळ्या थांबवल्यावर पुन्हा तशीच होते, आणि दोष गोळीला जातो.

अधूनमधून बंद ठेवण्याचा सल्ला मात्र नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. या गोळ्यांचा खरा धोका शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. तो कमीच असतो, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो. पण गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत तो सगळ्यांत जास्त असतो. दर वेळी थांबवून पुन्हा सुरू करणं म्हणजे तोच काळ पुन्हा पुन्हा ओढवून घेणं.

भीती कुठून आली ते सांगता येतं. १९६० साली अमेरिकेत संततिनियमनासाठी मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेनचं प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या गोळीत ते साधारण २० ते ३५ असतं. तेव्हाच्या तक्रारी घरोघरी पोचल्या, घटलेली मात्रा पोचली नाही.

दोन हॉर्मोन्सची गोळी कोणी घेऊ नये, हे महत्त्वाचं. पस्तिशीच्या पुढची आणि सिगारेट ओढणारी स्त्री, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येतात अशी अर्धशिशी असलेली, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, रक्तदाब वाढलेला, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असलेली. म्हणून सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजलाच पाहिजे, बाकी तपासण्या नसल्या तरी चालेल. घेत असताना एकाच पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखून दम लागला, डोकं कधी नव्हे इतकं दुखलं किंवा अचानक दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

प्रश्न : पंधरा दिवसांत दोनदा निरोध फाटला. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तरी तेच. याच काळात पत्नीला खाज आणि पांढरं जाणं यासाठी डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या आहेत. आमचं काय चुकतंय?

उत्तर बहुधा तुमच्याच पत्रात आहे. बुरशीसाठी योनीत ठेवायच्या गोळ्या आणि क्रीम यांचा आधार अनेकदा तेलकट असतो, आणि तेल लागलं की लॅटेक्स रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण ताण आला की फाटतं. तेच व्हॅसलीनने होतं, डोक्याच्या तेलाने होतं, अंगाला लावायच्या लोशननेही होतं. उपचार संपून काही दिवस जाईपर्यंत संबंध टाळा किंवा पॉलियुरेथेनचा निरोध घ्या. त्याला तेलाचं वावडं नसतं. ओलावा कमी वाटत असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण वापरा. कोरड्या घर्षणानेही निरोध फाटतो.

आता वापरण्याची रीत, कारण ती कुणी कुणाला दाखवत नाही. मुदतीची तारीख पाहा. पाकीट दोन बोटांत दाबा. आत हवेची उशी लागली पाहिजे, नाहीतर ते कुठेतरी टोचलेलं आहे. कडेला कापलेल्या खुणेपासून हाताने फाडा. दात, कात्री, नखं लावू नका. लिंग पूर्ण ताठ झाल्यावर आणि कुठलाही स्पर्श होण्याआधी चढवा, मध्येच थांबून नव्हे. गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला हवी. टोक चिमटीत धरा म्हणजे तिथे हवा राहणार नाही. हवेचा फुगा राहिला तर वीर्याला जागा मिळत नाही आणि टोक फुटतं. दुसऱ्या हाताने मुळापर्यंत उलगडत न्या. उलगडत नसेल तर तो उलटा लागला आहे. तो तसाच फिरवून लावू नका, कारण टोकाला थेंब लागलेला असू शकतो. टाकून द्या, नवा घ्या.

वीर्यपतनानंतर लिंग सैल पडायच्या आत, कड बोटांनी धरून बाहेर या. घसरून आत राहण्याचे बरेच प्रकार याच एका मिनिटात होतात. दोन निरोध एकावर एक घालण्याचा हुशारपणा करू नका, ते एकमेकांवर घासून फाटतात. आणि पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला निरोध तारीख उलटलेली नसली तरी भरवशाचा नाही. अंगाची ऊब आणि दाब रबराला पुरेसे असतात. शुक्रजंतुनाशक नोनॉक्सिनॉल-९ लावलेले निरोध जास्त सुरक्षित वाटतात, पण त्याने योनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. साधेच बरे.

फाटल्यावर काय, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : या महिन्यात तीनदा तातडीची गोळी घेतली. आता पाळीचं काही खरं राहिलं नाही, मधेच रक्त दिसतं. शरीराला कायमचं नुकसान झालं असेल का?

नुकसान झालेलं नाही. पाळीचा गोंधळ गोळीमुळेच आहे आणि तो आपोआप निवळेल. पण तीनदा घेऊनही तुम्हाला दिवस राहिले नसतील असं धरून चालू नका. शेवटच्या संबंधानंतर तीन आठवडे झाले की लघवीची चाचणी करा. रक्त दिसलं म्हणजे पाळी आली, हा हिशेब या महिन्यात लागू नाही.

ही गोळी म्हणजे लिव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकदाच. ती बीज फुटणं काही दिवस पुढे ढकलते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि बीज आधीच फुटलेलं असेल तर ती काही करू शकत नाही. म्हणूनच ७२ तासांची मुदत ही 'तिसऱ्या दिवशी घेतली तरी तेवढंच' अशी वाचू नका. बीज कधी फुटेल हे कुणालाच दिसत नसतं, त्यामुळे पहिल्या बारा तासांत घेणं आणि साठाव्या तासाला घेणं यांत फरक आहे. गोळी मागच्या संबंधापुरती असते. पुढे ढकललेलं बीज चार दिवसांनी फुटतं आणि त्या दरम्यान पुन्हा संबंध आला तर तीच गोळी घात करते. महिन्यात तीनदा घेणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅमची गोळी पाचव्या दिवसापर्यंत चालते आणि बीज फुटण्याच्या अगदी जवळ आलं असतानाही काम करते. ती घेतल्यावर नेहमीच्या हॉर्मोनच्या गोळ्या मात्र पाच दिवस सुरू करू नयेत, दोन्ही एकमेकींचं काम बिघडवतात. वजन जास्त असलेल्या स्त्रीत लिव्होनॉर्जेस्ट्रेलचा भरवसा कमी होतो, हेही सांगून ठेवतो. गोळ्यांपेक्षा खात्रीची तातडी म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी. ती ९९ टक्क्यांहून जास्त वेळा काम करते आणि वर पुढची वर्षं मोकळी. हे फार थोड्यांना माहीत असतं.

तुम्हाला रोजचं साधन हवं आहे, चौथी तातडीची गोळी नको.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. पाळी अजून आली नाही. रात्री नीट झोपावं म्हणून वरच्या दुधाची एक बाटली देते. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत ना?

तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तर शंभरात दोघींनाच राहतात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परतलेली नाही, आणि बाळाला पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरचंच. तिसऱ्या अटीत वेळही येतो. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर नको. तुमची बाटली इथेच आडवी येते. बीज रोखून धरतं ते दूध नव्हे, बाळाचं वारंवार ओढणं. रात्रभर ओढणं थांबलं की मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश पुन्हा सुरू होतात.

आणि 'पाळी आली की बघू' म्हणू नका. बीज आधी फुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी. पाळी येण्याआधीच दिवस राहिलेल्या बाळंतिणी काही कमी नाहीत.

आत्ता तुम्हाला चालेल : निरोध, तांबी, फक्त प्रोजेस्टिनची गोळी, कांडी, इंजेक्शन. दोन हॉर्मोन्सची गोळी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको.

प्रश्न : तांबी बसवून पाच महिने झाले. पाळीत फार जातं, आणि या वेळी धागा हाताला लागला नाही. पोटात वर चढली असेल का?

वर चढून काळजापर्यंत जाते वगैरे गोष्टी सोडून द्या. पण धागा न लागणं दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. चार शक्यता आहेत. धागा गर्भाशयाच्या तोंडात वर गुंडाळला गेला, ही नेहमीची. तांबी पाळीच्या रक्ताबरोबर पडून गेली आणि कळलंच नाही. असं बहुधा पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत होतं. दिवस राहून पिशवी वाढली आणि धागा वर ओढला गेला. किंवा तांबी पिशवीची भिंत भेदून बाहेर गेली. हे हजारात एखादीला, आणि बहुधा बसवतानाच झालेलं असतं.

म्हणून क्रम असा : आजपासून निरोध. लघवीची चाचणी. मग डॉक्टर आतून पाहतील, लहान ब्रशने धागा खाली ओढता येतो का बघतील. नाही आला तर सोनोग्राफी. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली तर 'पडली असेल' म्हणून घरी येऊ नका, पोटाचा एक्स-रे काढा. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम मिसळलेलं असतं ते यासाठीच. ती पोटात कुठेही असली तरी एक्स-रेत दिसते. चाचणी होकारार्थी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण तांबी असताना राहिलेला गर्भ नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.

धागा पाहायचा तो पाळी संपल्यावर. हात धुवून उकिडवं बसायचं, मधलं बोट आत वर न्यायचं. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते गर्भाशयाचं तोंड, त्यातून दोन बारीक दोरे लोंबतात. ओढायचे नाहीत. दोऱ्यांबरोबर प्लॅस्टिकचं कडक टोक लागलं तर तांबी निसटते आहे. नवऱ्याला दोरा टोचत असेल तर डॉक्टर तो आखूड करून देतात, तेवढ्यासाठी तांबी काढायला नको.

जास्त जाण्याबद्दल : पहिले तीन ते सहा महिने हे अपेक्षितच असतं. जठरात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाच दिवस घेतलं की रक्त आणि कळा दोन्ही कमी होतात. ॲस्पिरिन नको, त्याने रक्त वाढतं. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या. सहा महिन्यांनंतरही तेच असेल तर चिकाटी दाखवण्यात अर्थ नाही. तांबी काढून तिच्या जागी हॉर्मोनची, म्हणजे लिव्होनॉर्जेस्ट्रेलची ५२ मिलिग्रॅमवाली तांबी बसवा. तिने रक्त उलट कमी होतं, काहींचं थांबतंच.

साध्या तांबीत ३८० चौरस मिलिमीटर तांबं असलेला प्रकार दहा वर्षं चालतो. तुमच्या कार्डावर कोणता लिहिला आहे ते पाहा, पाच वर्षांचेही असतात.

प्रश्न : माझी पाळी कधी २६ दिवसांनी, कधी ३३ दिवसांनी येते. 'सुरक्षित दिवस' कसे काढायचे?

निदान सहा महिन्यांच्या तारखा हव्यात. सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करा : २६ वजा १८, म्हणजे ८. सर्वांत मोठ्यातून ११ वजा करा : ३३ वजा ११, म्हणजे २२. पाळीचा पहिला दिवस एक धरून आठव्यापासून बाविसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, निरोधशिवाय संबंध नको. पाळीचे दिवस वगळले तर उरतं काय, ते तुम्हीच मोजा.

एवढे दिवस का जातात? फुटलेलं बीज फार तर एक दिवस जगतं, पण शुक्रजंतू पाच दिवस तग धरतात. शिवाय बीज फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी नव्हे. हा उलटा हिशेब समजत नाही तोवर ही पद्धत फसते. पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नसेल, तर मागे मोजणार कुठून? तुमच्यासारखी सात दिवसांची तफावत असलेल्या स्त्रीला आम्ही हे एकटं साधन सुचवणार नाही. ८ ते १९ दिवस टाळण्याची सोपी पद्धतही २६ ते ३२ दिवसांचं चक्र असणाऱ्यांसाठीच आहे.

प्रश्न : तीन महिन्यांचं इंजेक्शन दोन वर्षं घेतलं. पाळी बंद आहे. साचलेलं रक्त कुठे जातं? आणि आता मूल हवं आहे, किती दिवस लागतील?

रक्त साचतच नाही. १५० मिलिग्रॅमच्या या इंजेक्शनने पिशवीचं अस्तर पातळ राहतं, गळून पडायला काही तयारच होत नाही. वर्षभरानंतर जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबते.

दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी दहा महिने लागतात, काहींना दीड वर्ष. सगळ्या साधनांत एवढा उशीर यालाच लागतो. तेव्हा घाबरू नका, पण जिला वर्षभरात मूल हवं आहे तिने हे इंजेक्शन निवडू नये. चालू ठेवणाऱ्यांसाठी : टोचलेली जागा चोळू नका, औषध लवकर शोषलं जातं आणि मुदत कमी होते. तारीख टळली तर चार आठवड्यांपर्यंत तसंच टोचून घेता येतं.

प्रश्न : आठवड्याला एकच गोळी असते, ती कशी घ्यायची?

ती ऑर्मेलॉक्सिफेन ३० मिलिग्रॅम. त्यात हॉर्मोन नसतं. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. समजा तो रविवार, तर दुसरी बुधवारी. पहिले तीन महिने रविवार-बुधवार, मग फक्त रविवार. लोक घोटाळा करतात तो या बदलाच्या वेळी : एक तर पहिल्या दिवसापासूनच आठवड्याला एक घेतात, नाहीतर वर्षभर दोन. पाळी लांबते, हा तिचा स्वभावच आहे. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर चाचणी करा.

प्रश्न : नवऱ्याचं नसबंदीचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले आणि मला दिवस राहिले. घरात वेगळीच कुजबुज सुरू आहे.

कुजबुज करणाऱ्यांना हे उत्तर वाचायला द्या. ऑपरेशनात वृषणाकडून येणारी नळी कापून बांधतात. कापलेल्या जागेच्या पुढे, वरच्या भागात, शुक्रजंतूंचा साठा राहिलेला असतो आणि तो संपायला साधारण तीन महिने लागतात. तेवढे दिवस निरोध वापरायचा आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं. त्यात शुक्रजंतू नाहीत असं लिहून आल्यावरच निरोध सोडायचा. दोन महिन्यांत दिवस राहणं याचा सरळ अर्थ एवढाच की हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी आत्ताही करून घ्या. सहा महिन्यांनंतरही हलणारे शुक्रजंतू दिसत राहिले तर ऑपरेशन पुन्हा करावं लागू शकतं.

याच विषयावर आणखी दोघांनी 'अशक्तपणा येईल का' असं विचारलं आहे. पुरुष हॉर्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही. ताठरता, इच्छा, दाढी-मिशा सगळं तसंच राहतं. वीर्याचं प्रमाणही डोळ्यांना कळेल इतकं घटत नाही, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एका बारीक छिद्रातून दोन्ही नळ्या बाहेर काढतात, पाव तास-वीस मिनिटांचं काम. दोन दिवस विश्रांती, घट्ट अंतर्वस्त्र, आठवडाभर जड उचलायचं नाही. अंडकोश काळानिळा होतो, ते चालतं. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तर दाखवायचं. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं किंवा दुर्बीण घालावी लागते. दोन्हींत सोपं कोणतं याबद्दल डॉक्टरांत वाद नाही. तरी घरात टेबलावर जायला पुढे केली जाते ती बाईच. दोन्ही ऑपरेशनं कायमची समजूनच करावीत. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच असं नाही.

प्रश्न : मला फिटसाठी कार्बामॅझेपिन चालू आहे. गर्भनिरोधक गोळी चालेल?

नाही. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि क्षयाचं रिफॅम्पिसिन ही औषधं यकृताला हॉर्मोन लवकर संपवायला लावतात. गोळी, कांडी, तातडीची गोळी या सगळ्यांचा जोर कमी होतो. औषध थांबवल्यावरही हा परिणाम चार आठवडे टिकतो. दोन्हीपैकी कोणतीही तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्या, त्यांना फरक पडत नाही. लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांचं उलटं असतं : गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे फिटचंच औषध रक्तात कमी पडतं आणि फिट येऊ शकते. घसा दुखतो म्हणून घेतलेल्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी गोळीला काही होत नाही.

प्रश्न : वय ४७. पाळी तीन-तीन महिन्यांनी येते. अजून साधन हवं का?

हवं. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष. तांबी आधीच असेल तर तोवर राहू द्या, नंतर मात्र आठवणीने काढून घ्या.